शहराचें सांडपाणी आणि मुळामुठेखालचा बागाईतदार

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें हडपसर ओलांडून पूर्वेस जाऊं लागलें म्हणजे मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचन या गांवांच्या शिवारांतून वाहणारा एक जुना, अरुंद कालवा मधून मधून दृष्टीस पडतो. सरकारी कागदांत त्याचें नांव जुना मुठा उजवा कालवा असें आहे. लोक त्यास बेबी कालवा म्हणतात. त्यांतून आज येणारें पाणी थेट खडकवासल्याहून आलेलें नसतें. पुणें शहरानें एकवार वापरून मोऱ्यांतून व गटारांतून सोडून दिलेलें, आणि मुंढवा येथें नदींतून पंपानें उचलून कालव्यांत घातलेलें असें तें पाणी आहे. ज्या पाण्यावर आमच्या शेतकरी बंधूंचा ऊस, फुलें व भाजीपाला उभा आहे त्याची हकीकत त्यांनीं नीटपणें समजून घ्यावी, त्यांत लाभ किती व धोका किती याचा हिशेब करावा, आणि नदी स्वच्छ राखण्याचा प्रश्न आतां आपल्या बांधापर्यंत येऊन ठेपला आहे हें ध्यानांत घ्यावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

खडकवासल्याचें धरण १८७९ सालीं पुरें झालें. कॅप्टन फाइफ या इंजिनिअराच्या योजनेनें बांधलेल्या या धरणाचा हेतु दुहेरी होता. पुणें शहरास व लष्करास पिण्याचें पाणी द्यावयाचें, आणि शहराच्या पूर्वेकडील दुष्काळी मुलूख कालव्यानें भिजवावयाचा. त्या वेळीं शहर लहान होतें व पाण्याचा मोठा वांटा शेतीस जात असे. उलट शहराचा मैला सोनखत होऊन कालव्याखालच्या उसास येई. प्रथम प्रथम त्या खतास हात लावावयास शेतकरी कचरत असे. पण उसाच्या कांड्यांत त्याचा गुण दिसूं लागल्यावर तो संकोच फार दिवस टिकला नाहीं. पुढें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत भुयारी गटारें झालीं, मैला पाण्याबरोबर वाहूं लागला, आणि सोनखताचा व्यवहार हळूहळू मोडला. शहराचें आरोग्य त्यामुळें सुधारलें यांत शंका नाहीं. परंतु जें खत पूर्वी गाडीनें शेतावर येत असे तें आतां पाण्याच्या वाटेनें जाऊं लागलें, आणि ती वाट नदीकडे जाते.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें व त्या लोंढ्यानें खडकवासल्यासहि भगदाड पडलें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढें दोन्ही धरणें दुरुस्त झालीं, वरसगांव व टेमघर हीं आणखी दोन बांधलीं गेलीं, आणि आज या चार धरणांचा उपयुक्त सांठा सुमारें २९ अब्ज घनफूट, म्हणजे बोलीभाषेंत २९ टी. एम. सी., इतका धरतात. इंदापुरापर्यंत २०२ किलोमीटर जाणारा नवा उजवा कालवाहि झाला. जुना कालवा मागें पडला तो तेव्हांपासून.

शहराची तहान मात्र वाढतच गेली. अखेर २००५ सालीं जलसंपदा खातें व पुणें महानगरपालिका यांच्यांत करार झाला. शहरानें धरणांतून वर्षास साडेअकरा टी. एम. सी. पाणी घ्यावें, आणि त्याच्या बदल्यांत साडेसहा टी. एम. सी. पाणी शुद्ध करून शेतीसाठीं परत द्यावें, असा त्याचा मथितार्थ होता. एक टी. एम. सी. म्हणजे सुमारें २,८३२ कोटि लिटर. तेव्हां साडेसहा टी. एम. सी. म्हणजे दररोज पन्नास कोटि लिटर पाणी झालें. या करारांत शेतकरी सही करणारा पक्ष नव्हता. परंतु सौदा त्याच्याच पाण्याचा होता. धरणांतलें स्वच्छ पाणी त्यानें सोडावयाचें आणि शहराचें वापरलेलें पाणी घ्यावयाचें. असा सौदा मुळांत अन्यायाचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पिण्याच्या पाण्याचा हक्क शेतीच्या आधीं हें कोणीहि समंजस शेतकरी मान्य करील. मात्र 'शुद्ध करून' या दोन शब्दांवर त्या सौद्याचा सर्व भार आहे. ते दोन शब्द काढून टाकले तर शेतकऱ्यास मिळतें तें केवळ गटार.

करारानंतर मुंढवा येथें नदीकांठीं पंपघर उभें राहावयास सुमारें दहा वर्षें लागलीं. दरम्यान शहराची उचल करारांतील साडेअकराचा आंकडा ओलांडून पुढें गेली.

आतां मुंढव्यास उचललें जातें तें पाणी कोणतें, हें पाहूं. बहुतेकांची समजूत अशी असते कीं शुद्धीकरण केंद्रांतून निघालेलें पाणी नळानें थेट कालव्यांत येतें. तसें नाहीं. केंद्रांतून निघालेलें पाणी नदींत सोडतात. नदींत तें इतर पाण्यांत मिसळतें. आणि मुंढव्याच्या बंधाऱ्याशीं तें मिश्रण पंप उचलतात. वाटेंत त्यांत काय काय मिसळतें? आंबील ओढा, नागझरी, रामनदी, भैरोबा नाला हे एके काळचे स्वच्छ ओढे आज जागोजाग शहराचें सांडपाणी घेऊन नदीस मिळतात. पिंपरी-चिंचवडकडून येणारी पवना दापोडीजवळ मुळेस मिळते व तिकडील घाण बरोबर आणते. पावसाळा संपल्यावर खडकवासल्याखालीं मुठेच्या पात्रांत धरणाचें पाणी सहसा सोडलें जात नाहीं, तें कालव्यानें जातें. म्हणजे मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत पात्रांत जें वाहतें त्यांतील बहुतेक शहरानें सोडलेलेंच असतें. बंडगार्डनच्या बंधाऱ्याशीं उन्हाळ्यांत जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. पाण्यांत खत भरपूर असल्याची ती निसर्गानें दिलेली पावती आहे.

तात्पर्य, केंद्रें कितीहि उत्तम चालोत. एकहि नाला जर न शुद्ध होतां नदींत पडत असेल, तर त्याचें पाणी शेतकऱ्याच्या पाटांत येणारच. शहरांतले लोक नदीच्या स्वच्छतेविषयीं बोलतात तेव्हां त्यांच्या डोळ्यांपुढें घाट, कांठ, फिरावयाची जागा असते. आमच्या डोळ्यांपुढें वाफा असतो.

शुद्धीकरण म्हणजे काय करतात हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे, कारण त्यावांचून पुढील हिशेब समजणार नाहीं. मैलापाणी प्रथम लोखंडी जाळ्यांतून जातें. चिंध्या, पिशव्या, काटक्या तेथें अडतात. नंतर वाळू खालीं बसविणारी कुंडी. मग मोठ्या टाकींत पाणी संथ ठेवितात, तेव्हां जड घाण तळाशीं बसते. येथपर्यंतचें काम केवळ निवळण्याचें. खरें काम पुढच्या हौदांत होतें. तेथें यंत्रानें पाण्यांत हवा मिसळीत राहतात व जिवंत जंतूंनीं भरलेला गाळ त्यांत घोळवीत ठेवितात. हे जंतु प्राणवायूच्या जोरावर विरघळलेली घाण खाऊन टाकतात. मग गाळ पुन्हां खालीं बसवावयाचा, कांहीं भाग परत हौदांत न्यावयाचा, आणि वरचें निवळ पाणी क्लोरीन देऊन सोडावयाचें. ही पद्धति इंग्लंडांतील मँचेस्टर येथें आर्डेन व लॉकेट या दोघां रसायनज्ञांनीं १९१४ सालीं प्रसिद्ध केली. त्यांना या मार्गास लावणारे डॉ. गिल्बर्ट फाउलर हे लवकरच बंगळूरच्या विज्ञान संस्थेंत प्राध्यापक होऊन आले, तेव्हां हिंदुस्थानास ही विद्या शिकण्याची संधि शंभर वर्षांपूर्वींच आली होती असें म्हणावयास पाहिजे.

यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं हौदांतले जंतु म्हणजे एक प्रकारचें जनावरच. त्यास दिवसरात्र हवा लागते. वीज गेली, यंत्र बंद पडलें, अथवा कोण्या कारखान्यानें गटारांत आम्ल किंवा विषारी धातूचें पाणी सोडलें, म्हणजे तें जनावर आजारी पडतें वा मरतें, आणि तें पुन्हां जोमास येईपर्यंत बाहेर पडणारें पाणी जवळ जवळ आले तसेंच जातें. यास्तव केंद्राची शक्ति अमुक लिटर आहे असा फलक वाचून समाधान मानूं नये. बाहेर काय पडतें तें मोजावें.

मोजावयाचें माप कोणतें? मैलापाण्यांतील घाण कुजतांना पाण्यांतला प्राणवायु खाते. एका लिटरांतील घाण ठराविक दिवसांत किती मिलिग्रॅम प्राणवायु खाईल, तें तिचें माप. त्यास जैविक प्राणवायु-मागणी म्हणतात, आपण प्राणवायूची भूक म्हणूं. कच्च्या मैलापाण्याची भूक लिटरीं दोनशें मिलिग्रॅमच्या आसपास असते. आपल्या हवेंत स्वच्छ पाण्याच्या लिटरांत विरघळलेला प्राणवायु असतो सुमारें आठ मिलिग्रॅम. म्हणजे एक घागर मैलापाणी पंचवीस घागरी स्वच्छ पाण्यांतला सर्व प्राणवायु खाऊन टाकील. मासे मरतात, पाणी काळें पडतें, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, त्याचें कारण हें. स्नानास योग्य नदीची भूक तीन मिलिग्रॅमहून अधिक असूं नये असा नियम आहे. केंद्रांतून नदींत सोडावयाच्या पाण्यास पूर्वी तीस मिलिग्रॅमपर्यंत मोकळीक होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१९ सालीं दहाची मर्यादा घालून दिली. जमिनीवर सिंचनासाठीं सोडावयाच्या पाण्यास मात्र जुना नियम शंभर मिलिग्रॅमपर्यंत परवानगी देतो. शेतकऱ्यास मिळणाऱ्या पाण्याचा विचार इतका सैल कां, असा प्रश्न येथें सहज सुचतो. जमीन हीहि एक गाळणी आहे, ती बरीच घाण पचविते, हें त्याचें उत्तर. आणि तें अर्धें खरें आहे. जमीन घाण पचविते, पण क्षार पचवीत नाहीं, जड धातु पचवीत नाहीं, आणि कोथिंबिरीच्या पानावर चिकटलेलें जंताचें अंडें तिच्यापर्यंत पोंचतच नाहीं.

आतां लाभाची बाजू. या पाण्यास वास येतो म्हणून तें टाकाऊ समजणारा शेतकरी आपलें नुकसान करून घेतो. मैलापाण्यांत नत्र, स्फुरद व पालाश हीं तिन्ही अन्नद्रव्यें असतात. नत्र लिटरीं तीसचाळीस मिलिग्रॅम असतें आणि साध्या शुद्धीकरणानें त्यांतलें बरेंच शिल्लक राहतें. नदींत मिसळून विरळ झाल्यावर समजा वीस मिलिग्रॅम उरलें. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारें एक लाख तीन हजार लिटर. त्यांतून एकरास दोन किलो नत्र मिळतें. आडसाली उसास पावसाखेरीज साठ इंच पाणी दिलें तर न विकत घेतलेलें नत्र झालें सुमारें १२३ किलो, म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या सहा गोण्या. करारांतल्या संपूर्ण साडेसहा टी. एम. सी. पाण्यास हाच हिशेब लावला तर वर्षास ३,७०० टनांच्या जवळपास नत्र, अथवा आठ हजार टन युरिया, होतो. एवढें खत शहर दरवर्षीं नदीच्या हवालीं करतें.

पण येथेंच एक खड्डा आहे. आडसाली उसास कृषि विद्यापीठाची शिफारस हेक्टरीं ४०० किलो नत्राची, म्हणजे एकरीं १६२ किलोची आहे. कालव्याच्या पाण्यांतून १२३ किलो येत असतां आपला शेतकरी दुकानांतून पुन्हां पुरी मात्रा आणून टाकतो. मग ऊस काळाभोर व उंच दिसतो, शेजारी कौतुक करतात, पण तो लोळतो, पक्व होण्यास उशीर लावतो आणि साखरेचा उतारा कमी देतो. गुऱ्हाळावर नेला तर गूळ नीट बसत नाहीं व रंगास उतरतो. विकतच्या खताला दाम आहे म्हणून आपण तें मोजून टाकतों. पाण्यांतून आलेलें खत फुकट, म्हणून कोणी मोजीत नाहीं. शिवाय पाण्यांतलें नत्र आपल्या सोयीनें येत नाहीं. तोडणीपूर्वीं शेवटचे दोनतीन महिने उसास नत्र नको असतें, आणि पाळी तर द्यावी लागते. ज्यांच्या विहिरीस गोडें पाणी आहे त्यांनीं शेवटच्या पाळ्या विहिरीच्या द्याव्या. माती व पाणी तपासून पाण्यांतलें नत्र खताच्या मात्रेंतून वजा करावें. या एका गोष्टीनें एकरीं चारपांच गोण्यांचा खर्च वाचूं शकतो.

क्षारांचा प्रश्न याहून सावकाश येतो व याहून अधिक मुरतो. खडकवासल्याचें पाणी मावळांतल्या पावसाचें, अत्यंत मऊ. तेंच शहरांतून जाऊन आलें म्हणजे मीठ, साबण व धुण्याची पूड यांचे क्षार घेऊन येतें. शुद्धीकरणानें घाण जाते, मीठ जात नाहीं. हलक्या निचऱ्याच्या जमिनींत हें फारसें जाणवत नाहीं. खोल काळ्या जमिनींत सोडियम सांचत जातें, ढेकळें चिवट होतात, पाणी मुरेनासें होतें, आणि जमीन चोपण होते. नीरेच्या डाव्या कालव्यावर १८८५ सालापासून पाणी आल्यावर कांहीं पिढ्यांतच अति सिंचनानें किती जमीन पाणथळ व खारट झाली, हें बारामतीकडील वाचकांस सांगावयास नको. आणि तें तर स्वच्छ पाणी होतें. ज्याच्या शेतास निचऱ्याचा चर नाहीं त्यानें या पाण्यास लोभावूं नये. चर काढावे, तागाचें अथवा धैंच्याचें हिरवळीचें खत गाडावें, आणि सोडियम वाढल्याचें माती-परीक्षणांत दिसल्यास जिप्सम घालावें.

जंतूंविषयीं स्पष्ट लिहिलें पाहिजे. अशा पाण्यावर कच्ची खावयाची भाजी घेऊं नये. कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी, मेथी यांस तर मुळींच नको. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८९ सालीं घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणें कच्च्या भाजीस द्यावयाच्या पाण्याच्या शंभर मिलिलिटरांत मैल्यांतील जंतु एक हजारांहून अधिक नसावे, आणि लिटरांत जंताचें एकाहून अधिक अंडें नसावें. नीट क्लोरीन न दिलेलें पाणी या मर्यादेच्या कित्येक पटींनीं पुढें असतें. पुण्याच्या बाजारांत भाजी नेणारा शेतकरी म्हणेल कीं घाण शहरानेंच दिली आहे, ती त्यास परत गेली तर आमचा काय दोष? हें बोलणें आम्ही एकाहून अधिक ठिकाणीं ऐकलें आहे; त्यांतला राग आम्हांस समजतो. परंतु ती भाजी प्रथम निवडते ती शेतकऱ्याची बायको, प्रथम खातात तीं त्याचीं मुलें, आणि अनवाणी पायानें पाटांत उभा राहतो तो स्वतः किंवा त्याचा गडी. आंकुशकृमि तळपायाच्या कातड्यांतून शिरतो. पाणी देतांना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालावे, जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावे. हे उपाय स्वस्त आहेत.

ऊस, चाऱ्याचीं पिकें, निलगिरी-बांबूसारखीं झाडें, फुलें, यांस हें पाणी चालतें. पाणी सरींतून द्यावें, तुषारानें देऊं नये, म्हणजे पानांवर उडत नाहीं. ठिबकाच्या नळ्या गाळानें व शेवाळानें भरतात, तेव्हां गाळणी दुहेरी लागते. ज्यास ऐपत असेल त्यानें शेततळ्यांत हें पाणी आठदहा दिवस संथ ठेवून मग वापरावें. जंताचीं बरीच अंडीं तळाशीं बसतात, उन्हानें जंतूंची संख्या घटते, आणि वासहि कमी होतो. तळ्यांतला गाळ मात्र थेट भाजीच्या वाफ्यांत नेऊं नये. पिण्याच्या विहिरी कालव्याच्या पाझराखालीं असतील तर त्यांचें पाणी तपासून घेतल्यावांचून पिऊं नये, कारण नायट्रेट गाळून जात नाहीं आणि उकळूनहि जात नाहीं.

सांडपाण्यावर शेती करणें ही गोष्ट कमीपणाची नव्हे. ऑस्ट्रेलियांतील मेलबोर्न शहर १८९७ पासून आपलें मैलापाणी वेरिबी येथील विस्तीर्ण शेतावर नेत आलें आहे. इस्राएल देश तर आपल्या सांडपाण्यापैकीं शेंकडा ऐंशींहून अधिक भाग शुद्ध करून शेतीस देतो. तेथील शेतकऱ्यास पाण्याचा दर्जा ठाऊक असतो व त्याप्रमाणें कोणतें पीक घ्यावें हें ठरलेलें असतें. पाणी तेंच, फरक मोजमापाचा व शिस्तीचा.

आतां शहर काय करीत आहे तें पाहूं. पुण्याच्या जुन्या केंद्रांची शक्ति, नायडू रुग्णालयाजवळील जुनें केंद्र धरतां दररोज सुमारें ५६.७ कोटि लिटर व तें वगळतां ४७.७ कोटि लिटर सांगत असत; त्यांतलें सर्वांत मोठें भैरोबा नाल्याचें, तेरा कोटि लिटरांचें. हें पुरेसें नव्हतें हें निराळें सांगावयास नको. म्हणून जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार संस्थेच्या कर्जाच्या साहाय्यानें, सुमारें ९९० कोटि रुपयांची योजना राष्ट्रीय नदी संवर्धन कार्यक्रमांत मंजूर झाली. जानेवारी २०१६ मध्यें कर्जाचा करार झाला. केंद्र सरकार खर्चाचा शेंकडा ८५ भाग सोसणार. तींत अकरा केंद्रें, दररोज ३९.६ कोटि लिटर शक्तीचीं, व नाले अडवून केंद्रांकडे नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या योजिल्या आहेत, नायडूचें १२.७ कोटींचें व भैरोबाचें साडेसात कोटींचें हीं त्यांतलीं मोठीं. परंतु करार झाला त्यानंतर प्रत्यक्ष कामाचा मुहूर्त लागावयास सहा वर्षें गेलीं. त्या सहा वर्षांत शहर थांबलें नव्हतें. २०१७ सालीं अकरा व २०२१ सालीं तेवीस गांवें हद्दींत आलीं. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणीं घरें आधीं झालीं व गटारें मागून यावयाचीं होतीं. मध्यंतरीं, २०१८ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील नद्यांच्या दूषित भागांची यादी केली, तींत महाराष्ट्राचे ५३ भाग, कोणत्याहि प्रांताहून अधिक, निघाले. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा सर्व तींत आहेत.

त्याच सुमारास नदीचे ४४ किलोमीटर कांठ बांधून सुशोभित करण्याची निराळी योजनाहि निघाली. तिच्या बाजूनें व विरुद्ध शहरांत पुष्कळ वाद झाला आहे, त्यांत आम्ही पडत नाहीं. आमच्यापुरतें एवढेंच मत कीं नाले अडविण्याच्या कामास पैसा व माणूस आधीं मिळावा. कांठ मागून बांधतां येतात.

हा विषय मुंढव्याशीं संपत नाहीं. पंपांनीं न उचललेलें पाणी पुढें थेऊरावरून जातें. तेथील वृद्ध शेतकरी सांगतात कीं त्यांच्या लहानपणीं उन्हाळ्यांत वाळूंत झिरा खोदून तें पाणी घरीं पिण्यास नेत असत. आज त्याच पात्रांत गुरें पाजावयास मन घेत नाहीं. पुढें रांजणगांव सांडसाजवळ मुळामुठा भीमेस मिळते, आणि भीमा उजनीच्या जलाशयांत जाते. उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें. सोलापूर शहर त्याचें पाणी पितें. आपल्या नद्यांतलें नत्र व स्फुरद तेथें जाऊन थांबतें, पाण्यास हिरवा रंग व वास येतो, शेवाळ माजतें. पुण्याच्या मोरींत टाकलेल्या गोष्टीचा भार अशा रीतीनें दौंड, इंदापूर, करमाळा, माढा या चार तालुक्यांच्या कांठावर पडतो. त्यांच्यापैकीं कोणीहि पुण्याच्या महानगरपालिकेच्या निवडणुकींत मत देत नाहीं.

म्हणून कालव्याखालच्या शेतकऱ्यांनीं संघटितपणें जें मागावयाचें तें थोडें व मोजतां येण्याजोगें असावें. मुंढव्याच्या पंपघराशीं, कालव्यांत पडणाऱ्या पाण्याची प्राणवायूची भूक, जंतु, क्षार, सोडियम व नत्र यांची तपासणी दर आठवड्यास व्हावी आणि आंकडे गांवोगांवच्या चावडीवर मराठींत लागावे. केंद्र बंद पडल्यास पंपहि त्या वेळेपुरते बंद ठेवावे किंवा निदान गांवांस आगाऊ कळवावें. पाणी मोजून घेणारा शेतकरी त्याचा दर्जाहि मोजून मागूं शकतो.

सरकारी आंकडे हातीं येईपर्यंत आपल्या सहकारी सोसायट्यांनीं स्वतः नमुने काढावे. वर्षांतून दोन पुरेत. एक चैत्रांत, जेव्हां पात्रांत सांडपाण्यावांचून दुसरें फारसें नसतें, आणि दुसरा भाद्रपदांत, पुराचें पाणी ओसरल्यावर. पाणी कालव्याच्या मध्यधारेंतून, हातभर खालून घ्यावें. कडेचें घेऊं नये. क्षार व नत्र यांसाठीं साधी स्वच्छ बाटली त्याच पाण्यानें तीनदां विसळून भरावी. जंतूंच्या तपासणीसाठीं मात्र प्रयोगशाळेनें दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी व ती विसळूं नये. दोन्हींवर गांव, कालव्याचा किलोमीटर, दिवस व वेळ लिहावी. जंतूंची बाटली बर्फांत ठेवून त्याच दिवशीं पोंचवावी. दुसऱ्या दिवशीं पोंचलेल्या नमुन्याचा निकाल भरंवशाचा नसतो आणि पैसे मात्र तेवढेच पडतात.